खालून आलेलं पाणी

"टाकली गं भाकरी!"

सकाळी साडेअकराच्या सुमारास आमच्या बेलापूरच्या ऑफिसात ही आरोळी उठायची. नवीन लागलेलं माणूस दचकून पँट्रीकडे बघायचं. तिथे चहाच्या मशीनशिवाय काही नसायचं. आरोळी कोपऱ्यातल्या टेबलावरून आलेली असायची, आणि भाकरी म्हणजे कॉम्प्युटरवर चालायला लावलेलं मॉडेल. त्याला कधी वीस मिनिटं लागायची, कधी दोन तास. तेवढा वेळ वाघमारे मॅडम चष्मा कपाळावर चढवून, खुर्चीत मांडी घालून, पडद्यावर सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत बसायच्या. गणित जुळलं की "फुगली!" नाही जुळलं की "चिकटली मेली तव्याला." मग पुन्हा पीठ मळायला घ्यायच्या.

विमल वाघमारे. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, सुती साडीवर स्पोर्ट्स शूज घालणाऱ्या. मूळच्या लातूरकडच्या. करंजाड्याला दुसऱ्या मजल्यावर त्या आणि त्यांचे मिस्टर राहायचे. तीस वर्षं मुंबईच्या बाजूला काढूनही "काय करायलीस?" आणि "कामून?" त्यांच्या तोंडून गेलं नव्हतं.

आमच्या ऑफिसचं काम म्हणजे पाण्याचा अंदाज सांगणं. कुठे कंटेनर यार्ड होणार, कुठे रस्ता, कुठे इमारती. ते झाल्यावर पावसाचं, खाडीचं, जमिनीखालचं पाणी कुठे जाईल, हे आधी सांगायचं. मी नकाशे करायचे. मॅडम मॉडेल करायच्या. मला ते पहिल्यांदा त्यांनीच समजावलं होतं. गणिताच्या वहीसारखे सगळ्या जमिनीचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात पाणी किती खोलीवर आहे ते लिहायचं. मग एका चौकोनातून शेजारच्यात किती पाणी झिरपेल ते कॉम्प्युटर सांगतो. चौकोनाला त्या 'घर' म्हणायच्या.

"हे बघ अंजू, हे घर शेजारणीला उपाशी ठेवून एकटंच जेवायलंय. म्हणजे माझं कुठंतरी चुकलंय. पाणी असं वागत नसतं."

चूक शोधायची त्यांना आवडच होती. दुसऱ्याची सापडली तर त्या गप्पपणे पेन्सिलीने बारीक गोल करून कागद परत द्यायच्या. स्वतःची सापडली तर सगळ्या ऑफिसला ओरडून सांगायच्या. "अगं, मी खाडीच डोंगरावर चढवली होती!" आणि खो खो हसायच्या. आमच्या साहेबांना हे आवडायचं नाही. एकदा क्लायंट बसलेला असताना असं झालं. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की मॅडम, चुका हळू आवाजात सापडू द्या.

विहिरी मोजायला मॅडम स्वतः जायच्या. खरं तर तिथे माणूस पाठवायची पद्धत होती. टेपच्या टोकाला एक सेन्सर असतो, पाण्याला टेकलं की टीं असं वाजतं, आकडा वाचायचा, झालं. पण मॅडमना ते पुरायचं नाही. एका मुलाने उरणकडच्या एका विहिरीचे आकडे चुकीचे म्हणून खोडून टाकले होते, कारण एकाच दिवसात ते वरखाली होत होते. मॅडमनी त्याला तिथे नेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत कठड्यापाशी बसवलं. भरतीबरोबर विहीर वर आली, ओहोटीबरोबर खाली गेली. येताना गाडी थांबवून मॅडमनी त्याला वडापाव खाऊ घातला आणि म्हणाल्या, "आकडा विचित्र दिसला की आधी पाया पडायचं. मग खोडायचं."

त्या दिवशी मीही बरोबर होते, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. विहिरीत टेप सोडायच्या आधी मॅडम कुणाला तरी विचारायच्याच. "बाई, तुमच्या विहिरीत टेप सोडू का?" विहीर सार्वजनिक असली, आसपास कुणी नसलं, तरी पाच मिनिटं थांबून, कुणीतरी दिसलं की विचारून मगच. मला वाटलं गावाकडची रीत असेल. परतताना मी विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या गावात आईला विहिरीपाशी उभं राहून वाट बघावी लागायची. कुणी वरून ओतलं तर घागर भरायची. मी बरोबर असायची. आता मी कुठल्याही विहिरीत वाकू शकते. पण कुणाच्या पाण्यात हात घालायचा तर त्याला विचारावं, एवढं मला वाटतं." एवढंच. नंतर लगेच, "खिडकी लाव गं, धूळ यायलीय," म्हणाल्या. 

आता मूळ गोष्ट.

द्रोणागिरीच्या कडेला एक जुनं आगरी गाव आहे. नाव लिहीत नाही. गावाच्या एका अंगाला मोठं गोदाम होणार होतं, त्यासाठी मातीचा भराव टाकायचा होता. भराव टाकला तर गावात पाणी तुंबेल का, हे आम्ही सांगायचं होतं. पावसाळ्याच्या आत रिपोर्ट हवा होता. नाला, तळं आणि भरतीचं पाणी आत येऊ न देणारी खाडीच्या तोंडावरची झडप यांचं मॉडेल एका टीमने केलं. जमिनीखालच्या पाण्याचं मॅडमनी. दोन्ही एकमेकांना जोडायला हवी होती, पण त्याला आणखी दोन महिने लागले असते. साहेब म्हणाले, वेळ नाही. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे. आणि आपल्या मॉडेलमध्ये नाल्याचं पाणी त्यांनी बारा महिने एकाच उंचीवर धरलं.

रिपोर्ट चांगला आला, गावाला धोका नाही असा. गावाला समजावून सांगायला शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली. मी नकाशा धरून उभी होते. मॅडम निळ्या-लाल रेषांवरून बोट फिरवत होत्या, आणि समोरची माणसं तोंडं वाकडी करत होती. पहिल्या रांगेत एक म्हातारी बसली होती. पार्वतीबाई. घर गावाच्या सखल टोकाला, अंगणात स्वतःची विहीर. ती मध्येच म्हणाली,

"त्या रेघा राहूंद्यात बाय. पानी माजे घरान येल का नाय, येवढंच सांगा."

मॅडम एरवी कधी असं उत्तर देत नसत. 'शक्यता कमी आहे', 'या परिस्थितीत तरी नाही', असं बोलायच्या. पण त्या दिवशी लोक कंटाळले होते, आणि म्हातारी थेट त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही येणार," मॅडम म्हणाल्या. "मी सांगते तुम्हाला."

पार्वतीबाईने मान हलवली आणि मॅडमचा फोन नंबर मागून घेतला. नातवाकडून त्याच्या वहीत लिहून घेतला.

भराव पडला. पुढच्या पावसाळ्यात, ऐन उधाणाच्या दिवसांत, ऑफिसात मॅडमचा फोन वाजला. पार्वतीबाई होती. त्यांनी कानाला लावला आणि ऐकतच राहिल्या. मग फोन खाली ठेवून म्हणाल्या, "अंजू, छत्री घे." उरणच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. मॅडम एकदाच म्हणाल्या, "झडप तुटली असेल का?" मी म्हटलं, असेल.

झडप तुटली नव्हती. गावात शिरलो तर रस्त्यावर पाणी नव्हतं. म्हणजे ओलं होतं, पण तुंबलेलं नव्हतं. आम्ही दोघी पार्वतीबाईच्या घरात गेलो आणि मला काही कळेना. लादीवर बोटभर पाणी होतं. पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या होत्या. तांदळाचा डबा टेबलावर. उंबऱ्याच्या बाहेर मात्र काही नाही.

"तुमी बोललाव नाय येनार," पार्वतीबाई म्हणाली. ओरडली नाही ती. "पानी वरशी नाय आयलं. खालशी आयलं."

मॅडम साडी खोचून गुडघ्यावर बसल्या. बाजूचं फडकं घेऊन त्यांनी लादीचा एक तुकडा कोरडा केला आणि बघत राहिल्या. दोन लाद्यांच्या फटीतून पाणी हळूच वर आलं. काचेसारखं स्वच्छ. त्यांनी पुन्हा पुसलं. पुन्हा आलं. असं त्यांनी किती वेळा केलं असेल कोण जाणे, शेवटी पार्वतीबाईनेच त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं.

"नाला," मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मी नाला बारा महिने एकाच उंचीवर धरला, अंजू."

मला ते त्यांनी नंतर रिक्षात समजावलं. उधाणाला खाडी भरते, झडप बंद राहते, नाला आणि तळं चार-चार दिवस काठोकाठ. ते पाणी बाजूला जमिनीत शिरतं. पूर्वी ते एका जुन्या ओढ्यातून निघून जायचं. ओढा आता भरावाखाली. मग पाण्याने जायचं कुठे? सखल भागात वर यायचं. नाल्याचं मॉडेल बरोबर होतं, जमिनीचंही आपल्या जागी बरोबर होतं. फक्त दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. "आणि विचारू दिलं नाही ते मी," मॅडम म्हणाल्या.

ऑफिसात साहेब शांत होते. म्हणाले, रिपोर्टच्या मागे आपली गृहीतकं छापलेली आहेत, नाल्याची पातळी स्थिर धरली आहे असं स्पष्ट लिहिलंय, आपल्यावर काही येत नाही. तुम्ही आता तिकडे जाऊ नका.

"गृहीतकं त्यांनी वाचली नव्हती, साहेब," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी माझं तोंड बघितलं होतं."

रविवारी त्या गेल्या. मीही गेले. शाळेच्या त्याच व्हरांड्यात लोक जमले, या वेळी जास्त. मॅडम उभ्या राहिल्या आणि नकाशा न उघडता म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तुम्हाला पाणी येणार नाही असं सांगितलं. तसं सांगायला नको होतं, आणि ज्या हिशोबावर सांगितलं तोही अपुरा होता."

मागून एक तरणा माणूस उठला. त्याच्या घरातला फ्रीज जळला होता. "सॉरीनं लादी सुकते का, म्याडम?"

"नाही सुकत."

"मंग लिहून द्या. आता बोललाव ते लिहून द्या."

मला वाटलं आता त्या साहेबांना फोन करतील. मी तर त्यांचा पदरसुद्धा ओढला. त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, परत ठेवली आणि मला म्हणाल्या, "पेन दे. हे खोडता यायला नको." एका वहीच्या कागदावर, शाळेच्या बाकावर वाकून, त्यांनी पाच-सहा ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. कागद त्यांनी स्वतः त्या माणसाच्या हातात दिला. 

त्यानंतर ऑफिसात त्यांचे दिवस वाईट गेले.  मीटिंगची बोलावणी थांबली, मोठी कामं दुसऱ्यांकडे गेली, त्यांच्याकडे गटारांची मापं आली. त्या ती मापं निमूट करायच्या, आणि जेवणाच्या सुट्टीत त्या गावाचं मॉडेल उघडून बसायच्या. नाला, तळं, खाडी, जमीन, सगळं एकत्र जोडून. मी विचारलं, "हे कुणासाठी करताय?" म्हणाल्या, "चिकटलेली भाकरी तव्यावर ठेवून झोप लागत नाही गं."

पण त्यासाठी आकडे लागत होते. रोजचे, त्या विहिरीचे. ते पार्वतीबाईने दिले. मॅडमनी तिला टीं वाजणारी टेप दिली होती, पण म्हातारीला अंक वाचता यायचे नाहीत, आणि नातू वेळेवर घरी नसायचा. म्हणून तिने आपली युक्ती काढली. मासेमारीच्या जाळ्याची नायलॉनची दोरी घेतली, टोकाला शिसं बांधलं, रोज विहिरीत सोडायची. बाहेर काढली की जिथपर्यंत ओली तिथे गाठ. दोरी पडवीतल्या खिळ्याला. प्रत्येक दिवसाची वेगळी दोरी, चवथीची, पंचमीची, आठमीची, कारण भरतीचा हिशोब तिथीनेच. मॅडम पंधरा दिवसांनी जायच्या, दोऱ्या मोजायच्या, पंचांग उघडून तिथीची तारीख करायच्या.

"बाय, तुमचा कम्पुटर दोरी वाचतो का?" पार्वतीबाईने विचारलं होतं.

"नाही वाचत. म्हणून तर मला ठेवलंय," मॅडम म्हणाल्या, आणि ती म्हातारी त्या प्रकारानंतर पहिल्यांदा हसली.

हिवाळ्यात कधीतरी एका दुपारी मी त्यांच्या टेबलापाशी गेले. पडद्यावर दोन रेषा होत्या. एक कॉम्प्युटरने काढलेली, एक पार्वतीबाईच्या गाठींची. दोन्ही हातात हात घालून चढत होत्या, उतरत होत्या. मी "फुगली!" ऐकायची वाट बघत राहिले. मॅडम काही ओरडल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एवढंच तर करायचं होतं. दोन महिने मागून घ्यायला हवे होते मी."

त्यांनी लिहून दिलेला कागद गावकऱ्यांनी वरच्या कार्यालयात दाखल केला होता. तिथून आमच्या ऑफिसला खुलासा द्यायला बोलावणं आलं. साहेब गाडीत तोंड फिरवून बसले होते. सभेत मॅडमनी आधी जुना नकाशा लावला. "ही माझी चूक." मग नवा. "ही दुरुस्ती." एक अधिकारी म्हणाले, "मागच्या वेळीही तुम्ही खात्रीने सांगितलं होतं. आता हे बरोबर कशावरून?"

मॅडमनी पिशवीतून दोऱ्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. माशांचा वास सगळ्या खोलीत पसरला. त्यांनी गाठी, तिथी, शिसं सगळं सांगितलं. अधिकाऱ्यांनी एक दोरी हातात घेतली, गाठीवरून अंगठा फिरवला.

"यावरून," मॅडम म्हणाल्या. "आणि तरीही चुकू शकतं. या वेळी मी शब्द देत नाही. काय केलं तर पाणी किती उतरेल, ते सांगते."

त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. भरावाच्या कडेने जुन्या ओढ्याला वाट करून द्यावी, उधाणाच्या आधी तळं रिकामं ठेवावं, झडपेची देखभाल करावी. खल पुष्कळ झाला. सुरुवात व्हायला वर्ष गेलं. वाट केली, पण मॅडमनी मागितली होती त्याच्या निम्म्या रुंदीची. एका पावसाळ्यात पुन्हा लाद्यांतून पाणी आलंच, आणि त्या दिवसांत मॅडम गावात जाऊन लोकांबरोबर बादल्या उपसत होत्या. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बहुतेक घरं कोरडी राहिली. टोकाच्या दोन घरांत अजून येतं. पार्वतीबाईच्या लादीवर आलं नाही, पण तिच्या विहिरीत खाडीचं खारं पाणी शिरलं ते शिरलंच. बाव, म्हणजे विहीर, सासऱ्याने खोदलेली. तिच्या लग्नाची हळद त्या पाण्याने कालवली होती. आता त्यात डाळ शिजत नव्हती. मॅडमच्या नकाशावर ते आधीच दिसत होतं, आणि त्यांनी ते पार्वतीबाईला स्वतः जाऊन सांगितलं होतं. गोडं पाणी परत येईल का, असं मी विचारलं होतं. "माझ्या हयातीत नाही," असं त्या मला म्हणाल्या होत्या.

मॅडम रिटायर झाल्या त्या दिवशी साहेबांनी गुच्छ दिला. चांगलं बोललेही. त्यांच्या बोलण्यात त्या गावाचा उल्लेख नव्हता. मॅडमनी केक कापला, सगळ्यांना भरवला, आणि टेबल आवरून संध्याकाळच्या आत निघाल्या. नंतर आमचं फोनवर बोलणं व्हायचं. मिस्टरांचे गुडघे, सोसायटीचं टँकरवरून भांडण, असंच. गावाचं त्या काढायच्या नाहीत. मला वाटलं, सुटलं एकदाचं.

मागच्या फाल्गुनात मला एका गोदामाच्या मोजणीसाठी तिकडे जावं लागलं. काम दुपारी उरकलं. गाडीवाला जेवायला गेला होता म्हणून मी गावात शिरले. पार्वतीबाईच्या अंगणाच्या कुंपणापाशी आले आणि थांबले.

मॅडम विहिरीवर होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्या कठड्यावरून बऱ्याच खाली वाकल्या होत्या, हातात दोरी, आणि त्या आत पडू नयेत म्हणून पार्वतीबाईने मागून त्यांचा पदर आणि कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. स्वतः म्हातारी काठीइतकी वाळली होती. तोल गेला असता तर दोघीही गेल्या असत्या. शेजारी चटईवर वही पडली होती. ते आकडे आता कुणालाच नको होते. ऑफिसला नको, सरकारला नको.

बादली वर आली. मॅडमनी ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं. पार्वतीबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मॅडमनी तोंडातलं पाणी बाजूला थुंकलं, मान खाली घातली आणि नकारार्थी हलवली.

मी कुंपणाच्या बाहेरच राहिले. 

पार्वतीबाईने त्यांच्या हनुवटीवरचं पाणी आपल्या पदराने पुसलं.

"आसूंदे गो," ती म्हणाली. "चल आत. चाय ठेवलाय तुजा."